परीक्षा कुत्र्याची, पेपर मालकाचा

कुत्रा असलेल्या कुठल्याही मराठी घरात पाहुणे म्हणून गेलात, की पहिल्या दहा मिनिटांत एक कार्यक्रम ठरलेला असतो. "बंटी, सिट. सिट म्हटलं ना! हां... आता काकांना शेकहँड दे." (घरात सगळे एकमेकांशी मराठीत बोलतात, कुत्र्याशी मात्र इंग्रजीत. हे असं का, ते मला आजवर कळलेलं नाही.) बंटी पंजा पुढे करतो, काका "वा, हुशार आहे हो!" म्हणतात, बंटीला बिस्किट मिळतं आणि घरच्यांच्या चेहऱ्यावर मुलगा बोर्डात आल्यासारखं समाधान पसरतं. हाच बंटी पाच मिनिटांपूर्वी दार उघडताक्षणी काकांच्या छातीवर दोन पाय ठेवून उभा होता, हा विषय कोणी काढत नाही. त्यावर "घाबरू नका, काही करत नाही तो" असं एक वाक्य टाकलं की झालं.

माझं म्हणणं साधं आहे. शेकहँड ही करमणूक झाली. दारात आलेल्या माणसावर उडी न मारणं, हे खरं ट्रेनिंग. आणि ते झालंय की नाही, हे मालकाने स्वतःच ठरवू नये. 'काही करत नाही तो' हे मालकाने आपलं आपल्यालाच दिलेलं सर्टिफिकेट आहे. ऑफिसात ज्याने कोड लिहिला त्यानेच तपासायचा आणि त्यानेच 'ओके' म्हणायचं, असं आपण चालवून घेतो का? टेस्टिंगवाल्यांशी कितीही भांडलो तरी ते लागतात, हे मनातून आपल्याला माहीत असतं. मग साठ किलोचा माणूस आणि पस्तीस किलोचा लॅब्रॅडॉर चार बाय पाचच्या लिफ्टमध्ये एकत्र उभे राहणार असतील, तर तिथेही तिसऱ्या कोणीतरी तपासायला काय हरकत आहे?

एक खुलासा आधीच करतो. हा लेख रस्त्यावरच्या कुत्र्यांबद्दल नाही. ऑगस्ट २०२५ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर त्या विषयावर इतकं बोललं गेलंय की माझी भर नको. मी बोलतोय ते ज्यांना नाव आहे, पट्टा आहे, फ्लॅट आहे आणि इन्स्टाग्रामवर अकाउंट आहे, अशा कुत्र्यांबद्दल. आणि खरं म्हणजे त्यांच्या मालकांबद्दल.

तर, अशी परीक्षा अस्तित्वात आहे का? आहे, आणि चांगली जुनी आहे. अमेरिकन केनेल क्लबने १९८९ साली 'कॅनाइन गुड सिटिझन' नावाची परीक्षा सुरू केली. मराठीत 'सुनागरिक श्वान' म्हणा हवं तर. हा क्लब मुळात शुद्ध जातींच्या नोंदी ठेवणारा, पण ही परीक्षा कुठल्याही कुत्र्याला देता येते, संकरित असो की थेट गल्लीतून उचललेलं पिल्लू असो. एकूण दहा प्रश्न. सगळे देतो, कारण त्यातच गंमत आहे.

१. एक अनोळखी माणूस येतो, मालकाशी हात मिळवतो, दोन शब्द बोलतो. कुत्र्याने त्याच्या अंगावर जायचं नाही आणि बुजायचंही नाही.

२. तो माणूस कुत्र्याला कुरवाळतो. कुत्र्याने शांतपणे करून घ्यायचं.

३. परीक्षक त्याच्या अंगावरून ब्रश फिरवतो, कान बघतो, पुढचे दोन्ही पंजे एकेक करून उचलतो. डॉक्टरकडे नेल्यावर जे होतं, तेच.

४. सैल पट्ट्यावर चालणं. डावीकडे वळा, उजवीकडे वळा, मागे फिरा, मध्येच थांबा.

५. गर्दीतून चालणं. गर्दी म्हणजे निदान तीन माणसं. (आपल्याला हसू येईल, पण असो.)

६. 'बस', 'आडवा हो' आणि 'थांब'. मालक वीस फूट लांब जाऊन परत येईपर्यंत जागा सोडायची नाही.

७. दहा फुटांवरून हाक मारली की यायचं.

८. समोरून दुसरा माणूस त्याचा कुत्रा घेऊन येतो. दोन्ही मालक थांबतात, हात मिळवतात, बोलतात, पुढे जातात. कुत्र्याने जेमतेम दखल घ्यायची.

९. अचानक खुर्ची पडते, किंवा शेजारून कोणी धावत जातं. दचकलं तर चालेल. पळायचं नाही, भुंकत सुटायचं नाही.

१०. मालक तीन मिनिटं नजरेआड होतो. पट्टा दुसऱ्या कोणाच्या तरी हातात. कुत्र्याने सतत रडायचं नाही, येरझाऱ्या घालायच्या नाहीत.

आता ही यादी पुन्हा वाचा. 'हे करून दाखव' असे प्रश्न फार तर तीन आहेत. बाकी सगळे 'काहीही करू नकोस' या प्रकारचे. माणूस आला, काही झालं नाही. कुत्रा आला, काही झालं नाही. खुर्ची पडली, तरीही काही झालं नाही. याचा व्हिडिओ काढला तर अत्यंत कंटाळवाणा होईल आणि त्याला एकही लाइक मिळणार नाही. पण शेजाऱ्याला कुत्र्याकडून नेमकं हेच हवं असतं. कुत्र्याला किती येतं याच्याशी त्याला देणंघेणं नाही, त्याला आपल्या घरी सुखरूप पोचायचंय.

शहरी कुत्र्यांसाठी याच क्लबची एक वेगळी पातळी आहे. तिच्यात रस्ता ओलांडणं, हॉर्न आणि सायरनचे आवाज, फूटपाथवर पडलेलं खाणं न उचलणं आणि लिफ्ट किंवा जिना हे सगळं येतं. लिफ्ट! म्हणजे ज्या प्रश्नावर पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप महिनोन्महिने पेटलेले असतात, तो तिकडे परीक्षेत एका ओळीचा प्रश्न म्हणून आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे ही परीक्षा देतं कोण? कागदावर कुत्रा. पण परीक्षेत खाऊ दाखवायला बंदी आहे, खेळणं चालत नाही. काटेरी पट्टा किंवा शॉक देणारा पट्टा चालत नाही. मालकाने आवाजाने कौतुक केलेलं चालतं, आज्ञा पुन्हा दिलेली चालते. म्हणजे उरलं काय? मालकाचा आवाज, त्याच्या हातातला सैल पट्टा आणि आधीच्या काही महिन्यांत दोघांनी मिळून केलेला सराव. शिवाय सुरुवातीलाच मालकाला एका प्रतिज्ञेवर सही करावी लागते : कुत्र्याचं आरोग्य सांभाळीन, त्याला सुरक्षित ठेवीन, त्याच्यामुळे इतरांच्या हक्कांवर गदा येऊ देणार नाही. ब्रिटनच्या केनेल क्लबची अशीच योजना १९९२ पासून आहे, ब्राँझ-सिल्व्हर-गोल्ड अशा पायऱ्यांची. तिच्या ब्राँझ पातळीचा पहिला प्रश्न मला फार आवडतो. कुत्र्याला त्यात काहीच करायचं नसतं. मालकाच्या खिशात शी उचलायची पिशवी आहे का आणि कुत्र्याच्या गळ्यात ओळखपट्टी आहे का, एवढंच बघतात. पिशवी नसेल तर कुत्रा कितीही गुणी असो, उपयोग नाही.

आता आपल्याकडे ट्रेनिंग कसं चालतं ते बघू. ट्रेनर संध्याकाळी घरी येतो. कुत्र्याला घेऊन खाली पार्किंगमध्ये किंवा वर गच्चीवर जातो. तासभर 'सिट, स्टे, हील' होतं. मालक त्या वेळी वर लॅपटॉपसमोर, क्लायंटच्या कॉलवर. दोन महिन्यांनी कुत्रा ट्रेनरचं शंभर टक्के ऐकायला लागतो आणि मालकाचं अजिबात नाही. मग मालक म्हणतो, पैसे फुकट गेले. अहो, फुकट कसे गेले? ज्याने शिकवलं त्याचं तो ऐकतोय. तुम्ही काम आउटसोर्स केलंत, पण ज्ञान काही हस्तांतरित झालं नाही. आपल्या धंद्यात याला काय म्हणतात, ते मी सांगायला नको. :-)

दुसरं ठरलेलं वाक्य म्हणजे "घरी तर सगळं ऐकतो!" वाचणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांना इथे ओळखीचं काहीतरी ऐकू आलं असेल. 'माझ्या मशीनवर तर चालतंय' याचंच हे भावंड. कुत्र्यांच्या बाबतीत त्याला एक खरं कारणही आहे. शिकलेली गोष्ट एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणं कुत्र्यांना अवघड जातं. आपल्याला 'बस' हा शब्द कळला की तो सगळीकडे कळतो. कुत्र्याच्या लेखी हॉलमधल्या गालिच्यावर आईसमोर बसणं आणि गेटवर डिलिव्हरीवाल्यासमोर बसणं, ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं शिकवलं म्हणून दुसरं आपोआप येत नाही. ते गेटवर जाऊन, डिलिव्हरीवाला आधी लांब असताना, मग थोडा जवळ, मग हेल्मेट घालून, मग हातात पिशवी घेऊन, असं पुन्हा शिकवावं लागतं. दर पायरीला बरोबर वागणुकीच्या क्षणीच, म्हणजे एखाद्या सेकंदात, शाबासकी. खिशात हात घालून खाऊ शोधेपर्यंत कुत्रा उठून उभा राहिला असेल, तर तुम्ही त्याला उठल्याबद्दल बक्षीस दिलंत. हे सगळं वेळखाऊ आहे, पण अवघड नाही. आणि ते ज्याच्या हातात रोज पट्टा असतो त्यालाच करावं लागतं.

इथे काही जण 'त्याला बॉस कोण ते दाखवून द्या' असा सल्ला देतात. मान धरून जमिनीवर दाबा, तुम्ही कळपातले अल्फा आहात हे त्याला कळू द्या, वगैरे. ही अल्फा लांडग्याची कल्पना ज्यांच्या १९७० सालच्या पुस्तकामुळे घराघरांत पोचली, त्या डेव्हिड मेक यांनीच पुढे जंगलातल्या लांडग्यांचा अभ्यास करून १९९९ मध्ये लिहिलं की कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पिल्लं. म्हणजे एक कुटुंब. सत्तेची मारामारी नाही. संशोधकाने स्वतःची कल्पना मागे घेऊन पंचवीस वर्षं उलटली, पण गल्लीतल्या 'डॉग एक्स्पर्ट'कडे अजून जुनीच आवृत्ती चालू आहे.

मग कायदाच करावा का? सगळ्या मालकांना सक्तीचं ट्रेनिंग? हा प्रयोग झालेला आहे आणि त्याचा निकालही लागलेला आहे. डिसेंबर २००५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या ओबरग्लाट गावात पिटबुल कुत्र्यांनी सहा वर्षांच्या एका मुलाचा जीव घेतला. देश हादरला. २००८ मध्ये नियम आला. पहिल्यांदा कुत्रा घेणाऱ्याने आधी तासिकांना बसायचं, आणि नवा कुत्रा आणला की प्रत्येकाने त्याच्यासोबत प्रत्यक्ष सरावाचा कोर्स करायचा. हजेरी लागली की दाखला. काही वर्षांनी सरकारनेच मूल्यमापन केलं. सुमारे पाचातला एक मालक कोर्सला गेलाच नव्हता. आणि कोर्स केलेल्यांच्या आणि न केलेल्यांच्या कुत्र्यांमध्ये चावण्याच्या बाबतीत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. २०१६ अखेर देशपातळीवरची सक्ती संपली. काही कँटनांनी, उदाहरणार्थ ज्यूरिखने, आपले नियम मात्र ठेवले.

यावरून 'ट्रेनिंगचा काही उपयोग नसतो' असा निष्कर्ष काढणारे आहेत. मला तसं वाटत नाही. माझ्या मते, हजेरी म्हणजे कौशल्य नव्हे, एवढंच यातून सिद्ध होतं. दरवर्षी कंपनी आपल्याला माहिती-सुरक्षेचं सक्तीचं ट्रेनिंग देते. आपण व्हिडिओ म्यूट करतो, दुसऱ्या खिडकीत काम करतो आणि 'नेक्स्ट-नेक्स्ट' दाबत सर्टिफिकेट मिळवतो. वर्षअखेर कोणीतरी फसव्या लिंकवर क्लिक करतोच. त्या ट्रेनिंगने कंपनीचा कागद तयार होतो, आपण तयार होत नाही.

याउलट जर्मनीतल्या लोअर सॅक्सनी राज्याचा नियम बघा. तिथे १ जुलै २०१३ पासून नव्या मालकाला ज्ञानाची परीक्षा द्यावी लागते, नुसती हजेरी चालत नाही. लेखी परीक्षा कुत्रा घ्यायच्या आधी, आणि प्रात्यक्षिक कुत्रा आणल्यानंतर पहिल्या वर्षात, प्रत्यक्ष कुत्र्यासोबत. ज्यांनी अलीकडच्या काळात सलग दोन वर्षं कुत्रा पाळलेला आहे, त्यांना सूट. सोबत चिप, नोंदणी आणि कुत्र्याने केलेल्या नुकसानीचा विमा.

यातला 'आधी' हा शब्द मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे क्रम उलटा असतो. आधी पिल्लू येतं, मग गुगल सर्च. पुण्याच्या उन्हाळ्यात, दिवसभर बंद असणाऱ्या टू बीएचकेमध्ये, दोघंही नोकरीवर असताना सैबेरियन हस्की आणायचा की नाही, हा प्रश्न पिल्लू आणण्याआधी कोणी विचारला असता, तर बऱ्याच जणांनी स्वतःच उत्तर दिलं असतं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये घरी बसून कुत्रे आणले गेले, मग ऑफिसं उघडली. पुढे त्यातल्या काही कुत्र्यांचं काय झालं, ते कुठल्याही प्राणिमित्र संस्थेत जाऊन विचारा. न शिकवलेला कुत्रा शेजाऱ्यांना त्रास देतो हे खरंच, पण त्याची सर्वांत मोठी किंमत तो स्वतः मोजतो. एक दिवस 'हा आवरत नाही' म्हणून त्याला गाडीत घालून लांब कुठेतरी सोडलं जातं. सोफ्यावर झोपायची सवय असलेल्या कुत्र्याला हायवेवर काय कळणार?

आपल्याकडच्या व्यवस्थेत मालकाला काय येतं, हा प्रश्नच कुठे नाही. महापालिकेकडे कुत्र्याची नोंदणी करताना रेबीज लशीचा दाखला मागतात. योग्यच आहे. पण पट्टा धरणाऱ्याबद्दल कोणी काही विचारत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहे. प्राण्याच्या बाबतीत निष्काळजीपणा करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण ते चावल्यानंतरचं. मार्च २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना पत्र पाठवून रॉटवायलर, पिटबुल अशा तेवीस जातींवर बंदी घालायला सांगितलं. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. कायद्याचा कीस बाजूला ठेवला, तरी जातीवर बंदी हा मला आळशी उपाय वाटतो. जात बघायला फक्त डोळे लागतात, वागणूक तपासायला रविवारची सकाळ घालवावी लागते. आणि अशी यादी केली की यादीत नसलेल्या प्रत्येक कुत्र्याला फुकटात सर्टिफिकेट मिळतं. पोटरी धरणाऱ्या पॉमेरेनियनचं नाव कुठल्याच यादीत नसतं.

सोसायट्यांचं म्हणाल तर दोन्ही बाजू नियमांच्या प्रिंटआउट घेऊन भांडतात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की बहुमताचा ठराव करूनही सोसायटी कुत्रे पाळण्यावर बंदी घालू शकत नाही, लिफ्ट नाकारू शकत नाही. श्वानप्रेमी हा भाग मोठ्या अक्षरात फॉरवर्ड करतात. त्याच तत्त्वांमध्ये मालकांना पट्टा लावायचं, घाण उचलायचं आणि शेजाऱ्यांना त्रास होणार नाही असं बघायचं आवाहनही आहे. तो परिच्छेद सहसा फॉरवर्ड होत नाही. लिफ्ट वापरायचा हक्क तुम्हाला आहे, मान्य. पण लिफ्टमध्ये कसं उभं राहायचं हे कुत्र्याला शिकवल्याशिवाय तो हक्क वापरणं, म्हणजे लायसन्सशिवाय गाडी चालवणं.

लायसन्स म्हटल्यावर तुम्ही काय म्हणणार, ते मला माहीत आहे. 'आपल्याकडे परीक्षा म्हणजे आरटीओ! एजंटला पैसे दिले की कुत्रा न नेताही पास.' अगदी बरोबर. म्हणूनच मी सरकारी सक्ती मागत नाही. कागदाला किंमत आली की कागद विकत मिळायला लागतो. मला हवी आहे ती सोसायटीच्या पातळीवरची, ऐच्छिक, कागद नसलेली परीक्षा. दर तीन महिन्यांनी एका रविवारी सकाळी आठ वाजता, पार्किंगमध्ये. पाच प्रश्न पुरेत.

लिफ्टचं दार उघडलं, आतून माणसं बाहेर येताहेत. ती येईपर्यंत कुत्रा शांत उभा राहतो का? हेल्मेट घातलेला, पाठीवर मोठी बॅग असलेला डिलिव्हरीवाला दोन हातांवरून गेला तर? मुलं बॉल घेऊन ओरडत धावली तर? समोरून दुसरा कुत्रा आला तर? आणि मालक तीन मिनिटं खांबाआड गेला तर? सहावा प्रश्न मालकाला : रेबीजची पुढची लस कधी आहे आणि खिशात पिशवी आहे का.

दोन अटी महत्त्वाच्या. पहिली म्हणजे, जो रोज फिरवतो त्यानेच पट्टा धरायचा. घरातला कॉलेजचा मुलगा नेत असेल तर त्याने, पगारी फिरवणारा असेल तर त्याने. दुसरी, परीक्षकांत कुत्र्यांना घाबरणारा निदान एक जण हवा. श्वानप्रेमींनी श्वानप्रेमींची परीक्षा घेतली की सगळेच 'सो क्यूट' म्हणून पास होतात. घाबरणाऱ्या माणसाला कुत्र्याची प्रत्येक हालचाल दिसते. त्याच्याइतका चांगला टेस्टर मिळणार नाही.

निकाल ग्रुपवर टाकायचा नाही. दंड नाही, बंदी नाही (ती तशीही घालता येत नाही). जे जमलं नाही ते मालकाला सांगायचं, पुढच्या वेळी पुन्हा बघायचं. आमची खारी (शुद्ध गावठी, वय चार, रंग नावावरून ओळखा) आम्ही अशीच एकदा मित्रांकडून तपासून घेतली. लिफ्ट, डिलिव्हरीवाला, तीन मिनिटं हे सगळं जमलं. बॉल घेऊन धावणारी मुलं मात्र नाही. पट्टा ताणून ती पुढे झेपावली. आता मुलं खेळत असली की आम्ही मागच्या गेटने जातो आणि आठवड्यातून दोनदा मैदानाच्या लांबच्या कडेला बसून तिला नुसतं बघायला शिकवतो. नापास झाली म्हणून ती वाईट कुत्री ठरली नाही. कुठे सांभाळायचं, ते आम्हाला नेमकं कळलं, एवढंच.

यावर एक आक्षेप मला खरोखर पटण्यासारखा वाटतो. वाचवून आणलेला, मार खाल्लेला, माणसांना बिचकणारा कुत्रा असतो. तो कदाचित कधीच पास होणार नाही. मग त्याने घराबाहेर पडायचंच नाही का? पडायचं की. पण त्याच्या मालकाला तो बिचकतो हे माहीत हवं आणि त्याने तसं वागायला हवं. लिफ्ट रिकामी येईपर्यंत थांबायचं, जिना वापरायचा, गळ्यात पिवळी फीत बांधायची, "प्लीज, हात लावू नका" असं स्पष्ट सांगायचं. अशा मालकाला मी माझ्या परीक्षेत डोळे झाकून पास करेन. नापास करेन ते 'काही करत नाही तो' म्हणत मोबाइल बघणाऱ्याला.

'वेळ नाही' हा आक्षेप मी मोजत नाही. कुत्रा दहा-बारा वर्षं जगतो आणि त्यातला सगळ्यात महागडा काळ पहिल्या तीन-चार महिन्यांचा असतो. पिल्लू जग म्हणजे काय ते साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात शिकतं. नेमक्या त्याच काळात लशी पूर्ण व्हायच्या म्हणून आपण त्याला घरात कोंडतो. जमिनीवर सोडू नका, पण कडेवर घेऊन रोज दहा मिनिटं गेटवर उभं राहायला काय हरकत आहे? छत्री, सायकल, काठीवाले आजोबा, प्रेशर कुकरची शिट्टी, कचऱ्याची गाडी हे सगळं त्याला लांबून दिसू दे, ऐकू येऊ दे. दहा मिनिटं म्हणजे एक स्टँडअप मीटिंग. तीही बहुतेक वेळा याहून निरुपयोगी असते.

आमच्या सोसायटीत अकरा कुत्रे आहेत. मी ही कल्पना मांडल्यावर चार मालक तयार झाले, दोघं चिडले ("आमच्या ब्रूनोला कोण नापास करणार?") आणि बाकीच्यांनी मेसेज वाचून निळ्या टिका दिल्या. सेक्रेटरींनी विषय पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर घेतलाय, सातवा, पाण्याच्या टँकरनंतर. परीक्षक म्हणून बी विंगच्या एक आजी यायला तयार आहेत. कुत्रा दिसला की त्या दोन-दोन लिफ्ट सोडून देतात. त्यांची अट एकच. त्या खुर्चीवर बसणार आणि पहिल्या दिवशी कुठलाही कुत्रा दहा फुटांच्या आत येणार नाही.

चारही मालकांनी अट मान्य केली आहे. आता दहा फुटांवर शांत बसायची तयारी सुरू आहे.